चर्चपासून कुठे वळायचं

मला नकाशा वाचता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी विचारायला नको की बाई, तीस वर्षं अमेरिकेत काढलीस आणि तुला डावं-उजवं कळत नाही? नाही कळत. चँडलरमध्ये त्याची गरजही पडत नाही. इथले रस्ते गणिताच्या वहीसारखे आखलेले, सगळं सपाट, फोनमधली बाई सांगेल तिथे वळायचं. आणि फोन बंद पडला तर शेजारच्या सीटवर नवरा असायचा.

नवऱ्याला नकाशाचं वेड. त्याचं आयुष्य इथे चिप बनवणाऱ्या कंपनीत गेलं, पण त्याआधी, आमच्या लग्नाच्याही आधी, तो एक वर्ष इंग्लंडमध्ये ट्रेनिंगला होता. श्रॉपशर नावाची काउंटी, म्हणजे आपला एखादा जिल्हा समजा, वेल्सच्या हद्दीला लागून. सगळ्या टेकड्या, मेंढ्या आणि एवढीएवढी गावं. तिथे त्याने एक जुनी सायकल घेतली, एक नकाशा घेतला आणि वर्षभर सुट्टीच्या दिवशी तो जिल्हा पालथा घातला. जिथे सायकल जात नाही तिथे ती कुंपणाला टेकवून पायी. सायकल तिथेच राहिली, नकाशा आमच्या संसारात आला. घड्यांवर फाटलेला, मागून कापडी पट्ट्या चिकटवलेला, आणि वर पेन्सिलीने बारीक अक्षरात मराठी: इथे पाणी मिळेल. इथे कुत्रं आहे. इथून ढकलत न्या. लग्नानंतर त्याने तो पहिल्यांदा जमिनीवर पसरला, तेव्हा मी खुशाल त्यावर मेथी निवडायला बसले होते. ही गोष्ट तो येईल त्या पाहुण्याला सांगायचा.

लेक सगळी त्याच्यावर गेली. चँडलरच्या कालव्याच्या कडेने, ऊन चढायच्या आत, त्याने तिला सायकल शिकवली. पुढे ती गुराढोरांची डॉक्टर झाली, कोलोरॅडोत राहते. इथल्या काकूंना मुलगी डॉक्टर आहे म्हटलं की त्यांचे चेहरे खुलायचे, गाईंची म्हटलं की पडायचे. मला त्यात फार मजा यायची. बापलेकीचं ठरलं होतं की एकदा दोघांनी श्रॉपशरला जायचं, त्याच नकाशावरून, पंधरा दिवस. तिकिटं बघायची वेळ आली आणि त्याच्या हृदयाने दगा दिला. डॉक्टरांनी चढ बंद केले. मग तो म्हणाला, "तू जा. मी इथून सांगतो."

आणि खरंच सांगायचा. आमच्या सकाळी सातला तिच्याकडे दुपारचे तीन वाजलेले असायचे. तिचा एखादा फोटो यायचा, पुलाचा, फाटकाचा, मेंढीचा. हा चहाचा कप बाजूला ठेवून चष्मा कपाळावर चढवायचा. "बघ, हा पूल तसाच आहे." नकाशा तिच्याकडे होता, पण याला तो पाठ होता. एका बोटाने टाइप करत बसायचा: उद्या शाळेच्या मागून जा, मोठ्या रस्त्याला लागू नकोस. दुसऱ्या दिवशी ती बरोबर शाळेच्या मागून जायची. मी मागून म्हणायची, "अरे, जेवली का ते तरी विचार." तर म्हणे, "सत्तावीस वर्षांची आहे. भूक लागली की तिला कळतं." मला थोडा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू.

ती निघाल्याच्या नवव्या दिवशी त्याला श्वास लागायला लागला. हॉस्पिटलमध्ये नेलं तर फुप्फुसात पाणी झालेलं. पलंगावर बसता बसता त्याने मला बजावलं, "तिला सांगू नकोस. ट्रिप कॅन्सल करून येईल. परवा मी घरी असेन." मला पटलं. त्या दिवशी तिला त्याने स्वतःच उत्तर लिहिलं, नेहमीसारखं, कुठल्या वळणावर काय ते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तो हाताने बाजूला करून म्हणाला, "तिला सांग. चर्चपाशी रस्ता फुटतो." मग कुठे वळायचं ते सांगितलं. आणि म्हणाला, "दुसरीकडचा चढ जीव काढेल तिचा." मी हो हो केलं. मास्क परत नीट बसवला. माझं लक्ष त्या मशीनवरच्या आकड्याकडे होतं, तो खाली चालला होता. नर्स आली, मग आणखी दोघी आल्या. मला बाहेर काढलं. तासाभराने आत गेले तर घशात नळी होती, आणि त्यानंतर तो बोलला नाही.

त्याचा फोन माझ्या पर्समध्ये होता. त्यावर लेकीचा एक फोटो आणि खाली मेसेज आलेला: बाबा, उद्याचं काय? मी टाइप करायला घेतलं. चर्चपाशी रस्ता फुटतो. तिथून. तिथून कुठे? डावीकडे की उजवीकडे? मला आठवेना. डोळे मिटून त्याचा आवाज आठवायला गेले तर फक्त त्या मशीनची टिकटिक ऐकू यायची. उगाच काहीतरी लिहावं आणि ते चुकावं, तर तिला लगेच कळलं असतं की हा बाबा नाही. म्हणून जे मला येत होतं तेच लिहिलं. फोटो छान. जेवलीस का?

तेव्हाच फोन करून सांगायला हवं होतं. मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही, मला माहीत आहे. माझे वडील गेले तेव्हा माझ्या भावाने मला असंच अर्धवट सांगितलं होतं. "बाबांना जरा बरं नाही, जमलं तर ये." मी विमानात बसले तेव्हा ते जाऊन सहा तास झाले होते. घरी पोचल्यावर म्हणतो, प्रवासात तुला त्रास नको म्हणून. तीन महिने मी त्याच्याशी धड बोलले नाही. आपल्याकडे लांबच्या माणसाला अर्धंच सांगतात, आणि माणूस प्रवासात असेल तर तेवढंही नाही. मी चांगली शपथ घेतली होती की माझ्या लेकीशी असं करणार नाही. पण प्रत्येक सकाळी डॉक्टर म्हणायचे, आज बघू, आणि मी म्हणायची, मग उद्या सांगू.

चार दिवस मी त्याच्या फोनवरून तिच्याशी बोलले. पाऊस आहे का? जॅकेट घाल. पाणी पी. दुसऱ्या दिवशी तिने लिहिलं की चर्चपासून ती चुकीच्या रस्त्याला लागली, भयंकर चढ होता, दोन तास सायकल ढकलली, बाबा, तू वॉर्न का नाही केलंस? मी उत्तर लिहिलं, हाहा. माझा नवरा शेजारी घशात नळी घेऊन पडला होता आणि मी खुर्चीत बसून हाहा लिहिलं. बाकीचं सगळं मी कदाचित विसरेन.

चौथ्या दिवशी तिथल्या मोठ्या डोंगराच्या माथ्यावरून तिचा फोटो आला. लाँग मिंड म्हणतात त्याला, याची तिथली सगळ्यात आवडती जागा. सगळीकडे जांभळी झुडपं फुललेली, मधे एक दगडी खांब, त्यावर कुठल्या दिशेला काय दिसतं ते कोरलेली तबकडी. तिने वेल्सकडे बोट दाखवलं होतं. खाली लिहिलेलं: बाबा, तुझी जागा. मी लिहिलं, शाब्बास. त्याच दिवशी दुपारी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मुलीला बोलावून घ्या.

ती आली तेव्हा त्याला जाऊन चार तास झाले होते. मी हॉस्पिटलच्या दारात उभी होते, बाहेर चँडलरचं ते भाजून काढणारं ऊन. ती टॅक्सीतून उतरली. बुटांना तिकडचा चिखल वाळून चिकटला होता. मी तिला जवळ घेतलं, तिने घेऊ दिलं.

दिवसकार्य झाल्यावर तिने त्याचा फोन हातात घेतला, बराच वेळ खाली-वर केला आणि विचारलं, "हे शेवटचे सगळे तू?" मी हो म्हटलं. "ओके," म्हणाली आणि फोन चार्जिंगला लावला. एवढंच. ना रडली, ना भांडली. मला वाटत होतं तिने भांडावं. मी भावाशी भांडले होते, घर डोक्यावर घेतलं होतं, म्हणून तर आम्ही आज बोलतो. ही मात्र दर रविवारी न चुकता फोन करायची. कशी आहेस, गोळ्या घेतल्यास का, ओके, बाय. एक काकू डबा घेऊन आल्या तेव्हा म्हणाल्या, "बरोबर केलंस हो तू. पोरीला उगाच कशाला टेन्शन." मी त्यांच्या डब्याकडे बघत बसले. त्या वाईट नव्हत्या. मीही दुसऱ्या कुणाला हेच म्हणाले असते.

आणि चर्चचं मी कुणाला सांगितलं नव्हतं. लेकीला तर नाहीच. माझी मेसेजेसची लबाडी तिला कळली होती, पण बापाने तिच्यासाठी शेवटचं काहीतरी सांगितलं होतं आणि ते माझ्यापाशी अडकून राहिलं, हे तिला ठाऊक नव्हतं. वर्षभर दर रविवारी फोन ठेवला की मी म्हणायची, पुढच्या वेळी सांगते.

वर्ष झालं आणि तिने एका रविवारी विचारलं, "ती ट्रिप अर्धवट राहिली. मी परत जातेय. येतेस?" मग म्हणाली, "फ्रॉम व्हेअर बाबा स्टॉप्ड टेलिंग मी. तिथून." चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं हिला सगळं कळलंय. मी म्हटलं, येते.

तिने तिथे दोन सायकली भाड्याने घेतल्या, माझी बॅटरीच्या मोटारवाली. मी म्हटलं, "सांगलीत साडी नेसून सायकलने कॉलेजला गेलेय मी, मला काय शिकवतेस." पहिल्याच चढावर पायडल मारलं तर ती घोड्यासारखी उधळली आणि मी बाजूच्या काटेरी कुंपणात. लेक धावत आली. मी दंडातले काटे काढत होते आणि ती हसत होती. एका वर्षात तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं, म्हणून मी काटे जरा सावकाशच काढले.

तो जिल्हा फोटोत दिसतो तसा नाही. रस्ते एका गाडीपुरते, खोल गेलेले, दोन्हीकडे डोक्यावरून उंच हिरवी कुंपणं. मैलच्या मैल काही दिसत नाही, आणि मग एखाद्या फाटकापाशी कुंपण तुटतं आणि एकदम टेकड्याच टेकड्या. दर फाटकापाशी लेक थांबायची. उघडं असेल तर उघडंच ठेवायचं, बंद असेल तर बंद, हे तिने मला तीनदा सांगितलं. एका ठिकाणी लंगडणारी मेंढी दिसली तर सायकल टाकून शेतातल्या घरी सांगून आली. पायवाटेला जिथे कुंपण आडवं येतं तिथे चढून उतरायला लाकडी पायऱ्या असतात, तिथे माझे गुडघे बोलायचे आणि ती हात द्यायची. हात द्यायची, पण बोलायची नाही फारसं. दुपारी एका भिंतीवर बसून आम्ही घरून आणलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. मला चव लागली नाही. पुढच्या गावात चर्च होतं.

ते अगदी लहान, दगडी, बुटक्या चौकोनी बुरुजाचं. शेजारी एक काळपट हिरवं जुनं झाड. आणि त्याच्या पुढे रस्ता फुटत होता. लेकीने सायकल उभी केली आणि नकाशा चर्चच्या भिंतीवर पसरला. "बघ," म्हणाली, "त्याने इथे काहीतरी लिहिलंय. पण नेमकी इथेच घडी फाटलीये, पट्टीच्या खाली गेलंय. मागच्या वेळी मी इथे उभी राहून त्याच्या मेसेजची वाट बघितली. अर्धा तास."

मग मी सांगितलं. उभ्या उभ्याच. त्याने मास्क बाजूला केला होता, चर्चपाशी रस्ता फुटतो म्हणाला होता, तुझा जीव निघेल म्हणाला होता, आणि कुठे वळायचं तेही सांगितलं होतं, आणि मी ऐकलं नाही. "त्याचं शेवटचं बोलणं तुझ्यासाठी होतं," मी म्हटलं, "आणि मी ते विसरले. वर्षभर आठवतेय. अजून आठवत नाही."

ती नकाशाकडेच बघत होती. मला वाटलं आता बोलेल ते मी ऐकून घेईन, काय असेल ते. ती म्हणाली, "आय न्यू, आई." मला आधी कळलंच नाही. मग ती अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत सांगत गेली. पहिल्याच मेसेजला तिला कळलं होतं. बाबाने आयुष्यात कधी तिला जेवलीस का विचारलं नव्हतं. तिने ओळखलं की फोन आईकडे आहे, म्हणजे काहीतरी झालंय. तरी दुसऱ्या दिवशी इथे उभी राहून तिने वाट बघितली, न जाणो, तोच लिहील म्हणून. फोन लावायला घेतलाही होता. पण लावला असता तर मी खरं सांगितलं असतं, आणि मग तिला परत यावं लागलं असतं, आणि तो डोंगर राहिला असता. "मला फक्त वर जायचं होतं," म्हणाली. "चार दिवस. मी माहीत नसल्यासारखं केलं. तू लिहीत होतीस आणि मी उत्तर देत होते."

वर्षभर मला वाटत होतं ही माझ्यावर रागावलीय. आम्ही दोघी एकमेकींना त्याच फोनवर फसवत होतो, आणि तो मधे पडला होता.

तिने हळूच विचारलं, "वरचा फोटो त्याने पाहिला का?"

एक हो म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? तोंडापर्यंत आलं होतं. असं हो म्हणण्यातच माझं आयुष्य गेलं. "नाही," मी म्हटलं. "मी फोन त्याच्या डोळ्यांसमोर धरला होता. डोळे मिटलेले होते. नाही पाहिला त्याने." तिने मान हलवली. नकाशा घडी करून पिशवीत घातला, अगदी सावकाश, जुन्याच घड्यांवर.

मागच्या वर्षी ती उजवीकडे गेली होती. तो चढ तिथूनच दिसत होता, भिंतीसारखा. म्हणजे त्याने डावीकडे सांगितलं असणार. आम्ही डावीकडे वळलो.

त्या रस्त्यावर एकही चढ नव्हता. बाजूने ओढा, वर झाडांच्या फांद्या एकमेकींत गेलेल्या, सगळीकडे सावली. मी मोटार बंद केली, तरी सायकल आपोआप चालत होती. विसेक मिनिटांत पुढचं गाव दिसायला लागलं, तेच गाव, जिथे ती गेल्या वर्षी दोन तास ढकलत पोचली होती. एका छोट्या पुलावर लेक उतरली. कठड्यावर बसली, हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. "किती सोपा आहे, आई," म्हणाली. आणि रडायला लागली, लहानपणी कालव्यावर पडली की रडायची तशी, तोंड उघडं टाकून.

मला तिला पाणी द्यायचं होतं, काही खाल्लंस का विचारायचं होतं. काही विचारलं नाही. दोन्ही सायकली दोन हातांत धरून उभी राहिले. आजारी माणसाने मास्क काढून, उरलासुरला श्वास खर्चून लेकीसाठी सावलीचा रस्ता निवडला होता. तिला तेवढा निरोप दे, एवढं एकच काम त्याने मला सांगितलं होतं.